हलक्या बोटांची

धाडच्या हायस्कूलमध्ये मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली वीस वर्षं शिक्षकखोलीत माझ्या समोरच्या खुर्चीवर उकंडराव राहाटे बसत. ते इंग्रजी शिकवायचे. मूळचे सोनाळ्याचे. आधीची दोन मुलं गेल्यावर हे झाले, म्हणून आईनं जन्मल्या दिवशी त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि उकंडा नाव ठेवलं. नवे शिक्षक या नावाला गालातल्या गालात हसत. सरांना ते कळायचं. ते स्वतःच सांगून टाकत, "अहो, मरणाले फसवाले ठेवलेलं नाव आहे हे. कचऱ्यात पडलेलं पोर कोन नेते?"

इंग्रजी भाषा सरांना कागदावरूनच भेटली होती. इंग्रज माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. एकदा लोणारला सहल गेली तेव्हा सरोवराच्या काठावर एक गोरं जोडपं दिसलं. सर शर्ट नीट खोचून त्यांच्याशी बोलायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. ते जर्मन निघाले होते. पोरं महिनाभर हसत होती, आणि सरही.

त्यांचा आवडता धडा म्हणजे जोडविशेषणं. फळ्यावर ते मोठ्या अक्षरात लिहायचे, काइंड-हार्टेड, लाँग-टेल्ड, ब्लू-आइड. "एक विशेषण घ्या, एक अवयव घ्या, शेपटीले 'एड' लावा. झाला शब्द! तुम्हीसुद्धा बनवू शकता." मग पोरं बनवायची. कोणी हेडमास्तरांना लांबनाक्या करायचं, कोणी आपल्या म्हशीला वाकडशिंगी. भाषा अशी हाताने घडवता येते, याचं सरांना फार अप्रूप होतं. आणि ते मुलांपर्यंत पोचायचं, हे मी शेजारच्या वर्गातून ऐकलेलं आहे.

गावात कुणालाही इंग्रजी अर्ज हवा असला की तो सरांकडे यायचा. बँकेचा असो, विम्याचा असो, नोकरीचं शिफारसपत्र असो. सर कुणाकडून काही घेत नसत. पण शिफारसपत्र लिहायचं असलं तर समोरच्याला बसवून आधी विचारायचे, "तुह्यात चांगलं काय आहे ते सांग. खोटं मी लिहीत नाही." प्रत्येक पत्राचा कच्चा खर्डा ते एका फाइलीत लावून ठेवत. तीस वर्षांत त्या फाइली चार झाल्या होत्या.

जहांआरा त्यांची विद्यार्थिनी. बशीरभाई मनियार यांची मुलगी. बशीरभाई आठवडी बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन बसत. बायका सांगायच्या, कितीही मोठा हात असो, बशीरभाई बांगडी चढवतात ती कळतसुद्धा नाही. लेकीच्या बोटांत बापाचं ते कसब उतरलं होतं. दहावीनंतर दोन-तीन वर्षांत तिचं लग्न दुसरबीडच्या कलीमशी झालं. तो ट्रकवर होता, महिना-महिना बाहेर राहायचा. म्हणून जहांआरा छोट्या मदिहाला घेऊन बहुतेक माहेरीच असे आणि गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करी. डॉक्टरांनी तिला मलमपट्टी, सुई, सलाईन सगळं शिकवलं. मग तिनं चिखलीला जाऊन नर्सिंग सहायकाचा वर्षाचा कोर्सही केला.

माझ्या यजमानांच्या पायाला जखम झाली होती तेव्हा महिनाभर तिनंच पट्टी बदलली. जुनी पट्टी ती अशी सोडवायची की हे पेपर वाचत बसलेले असत आणि "झालं का?" विचारत. दवाखान्यात आलेली मुलं डॉक्टरांना पाहून रडत आणि जहांआराला पाहून थांबत. म्हातारी माणसं हट्ट धरायची, "सुई त्या पोरीच्या हातानंच घेईन. तिचा हात हलका आहे."

२०११ साली डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी जहांआराला दोन ओळींचा अनुभवाचा दाखला दिला आणि म्हणाले, "मोठ्या ठिकाणी जायचं असेल तर राहाटे सरांकडून चांगलं पत्र घे."

ती एका रविवारी सकाळी सरांकडे गेली. सरांच्या पत्नी झुंबरबाई तेव्हा पलीकडे चहा करत होत्या. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. जहांआरा लाजली.

"बरं, तू नको सांगू. लोक काय म्हनते ते सांग."

"लोक म्हनते, हात हलका आहे."

सरांचा चेहरा उजळला म्हणे. त्यांनी पेन उचललं आणि एका दमात पत्र लिहिलं. ही मुलगी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, वेळेवर येते. आणि मग ते वाक्य, शी इज अ लाइट-फिंगर्ड अँड काइंड-हार्टेड गर्ल. ते त्यांनी तिला मराठीत करून सांगितलं, "हलक्या बोटांची आणि दयाळू मनाची." जहांआराचे डोळे भरून आले. तिनं ते पत्र त्याच दिवशी प्लास्टिकमध्ये घालून पक्कं करून घेतलं.

पुढच्या वर्षी ईदला ती शीरखुर्म्याचा डबा घेऊन सरांकडे आली. सरांनी विचारलं, काम कुठं लागलं का? ती म्हणाली, "नाही जमलं सर. दोन-तीन जागी गेली होती."

"प्रयत्न सोडू नको," सर म्हणाले. "तो कागद सगळ्यांले दाखवत जा."

त्यानंतर ती नवऱ्याच्या गावी दुसरबीडला राहायला गेली. सर २०१६ ला निवृत्त झाले, मी २०२३ च्या मे महिन्यात. त्याच पावसाळ्यात हे सगळं वर आलं.

सरांची धाकटी मुलगी समता स्पर्धा परीक्षा देत होती. सकाळी बाजेवर बसून ती मोबाइलवर इंग्रजीचे प्रश्न सोडवायची आणि अडलं की मोठ्यानं वाचायची. सर चहा पिता पिता उत्तर द्यायचे. ते चुकत नसत. त्या दिवशी तिनं वाचलं, "लाइट-फिंगर्ड. पर्याय चार. हळुवार हाताचा, चोरटा, आळशी, वाद्य वाजवण्यात तरबेज."

"पहिला," सर म्हणाले. "डोळे मिटून टाक."

समतानं बोट लावलं. पडद्यावर लाल फुली आली.

"बाबा, दुसरा आहे."

"दुसरा कोनता?"

"चोरटा."

"तुह्या त्या यंत्राले इंग्रजी येत नाही," सर म्हणाले, आणि कप ठेवून आत गेले. अकोल्याच्या रद्दीच्या दुकानातून आणलेला जाडजूड शब्दकोश त्यांच्याकडे होता. शब्द सापडला. जुन्या वळणाचा शब्द, अशी खूण पुढे होती. अर्थ एकच होता. ज्याची बोटं दुसऱ्याच्या खिशात सहज जातात तो. भुरटा चोर, खिसेकापू. सरांनी पानावरून बोट वर-खाली फिरवलं. लाइट-हार्टेड, आनंदी. लाइट-फुटेड, चपळ. त्याच पानावर लाइट-हँडेडसुद्धा होता. ज्याचा हात हळुवार आहे असा.

समतानं दोनदा हाक मारली. सर बाहेर आले नाहीत. ते फाइली काढत होते.

दुपारी ते माझ्या घरी आले. डोक्यावर टोपी नाही, रुमाल नाही. हातात एक पिवळा पडलेला कागद होता. तो त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठीच्या. मले सांगा, हात हलका म्हंजे काय?"

"ज्याच्या हातानं दुखत नाही तो," मी म्हटलं.

"दुसरा अर्थ?"

"दुसरा नाही."

"इंग्रजीत आहे," ते म्हणाले. "पाय हलके असले तर कौतुक. मन हलकं असलं तर कौतुक. हात हलका असला तरी कौतुकच. फक्त बोटं हलकी झाली की मानूस चोर होते."

मी कागद पाहिला. जहांआराच्या पत्राचा खर्डा होता तो. त्या वाक्यात आधी 'लाइट-हँडेड' असं लिहिलेलं होतं. मग 'हँडेड' वर एक सरळ रेघ मारून वर नीट अक्षरात 'फिंगर्ड' लिहिलं होतं.

"बरोबर शब्द आला होता मॅडम," सर म्हणाले. "आला होता. मी खोडला. मले वाटलं, कसब तं बोटात असते. आनि कानाले बरं लागलं."

आपल्या भाषेत हलक्या कानाचा म्हणजे कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवणारा. एखाद्या परक्याला तो शब्द चांगल्या ऐकू येणाऱ्याचा वाटला, तर तो चुकला असं कसं म्हणायचं? शब्द जोडण्याचा नियम सगळीकडे सारखा असतो, पण जोडलेल्या शब्दाचं पुढे काय होतं हे त्या भाषेतल्या लोकांनाच ठाऊक असतं. हे मी सरांना बोलून दाखवलं. ते ऐकत नव्हते.

"सर, बारा वर्षं झाली," मी म्हटलं. "असली पत्रं वाचतं कोण? आणि इतका जुना शब्द कळतो कुणाला?"

"ज्याले कळते तोच खुर्चीवर बसलेला असते," सर म्हणाले. "ज्याले कळत नाही तो दरवाज्यात उभा असते, कागद घेऊन."

त्या दिवसानंतर तो शब्द त्यांच्या मागे लागला. झुंबरबाई सांगायच्या, जेवताना घास हातात धरून ते आपल्याच बोटांकडे बघत बसतात. बाजारात भाजीवाली गवार निवडत असेल तर तिच्या बोटांवर त्यांची नजर खिळायची, आणि बाईनं वर पाहिलं की ते घाबरून निघून जायचे. एकदा मी एसटी स्टँडवर त्यांना पाहिलं. एक बुरखा घातलेली बाई जीपमध्ये चढत होती. सर ताडकन उठून तिच्याकडे गेले, अर्ध्यात थांबले आणि परत येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं दुसरी बाई आली आणि त्यांनी परत तेच केलं. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाले, "चालण्यावरून जहांआरा वाटली. तिचे पाय वाजत नव्हते."

चारही फाइली त्यांनी पुन्हा वाचल्या. एकेक खर्डा, एकेक शब्द शब्दकोशात पाहून. आणखी काही चुका सापडल्या, पण त्यांनी कुणाचं बिघडलं असावं असं दिसत नव्हतं. समता म्हणाली, "बाबा, बस झालं." ते म्हणाले, "ज्याच्याबद्दल खातरी होती तेच चुकलं. आता ज्याच्याबद्दल खातरी आहे तेच पाहावं लागन."

सगळ्यात जास्त त्यांना ईदचा तो दिवस छळत होता. शीरखुर्म्याचा डबा, आणि आपले शब्द. "मीच तिले सांगतलं," ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. "सगळ्यांले दाखवत जा म्हनून मीच सांगतलं."

शेवटी झुंबरबाईच एका सकाळी माझ्याकडे आल्या. "मॅडम, यांना तिच्याकडे घेऊन जा. नाहीतर हे असेच सरून जातील." एकट्या माणसानं तिच्या घरी जाणं सरांना बरं वाटत नव्हतं, म्हणून ते इतके दिवस थांबले होते. जहांआराचा भाऊ आसिफ बाजारात वडिलांच्या जागेवर बसतो. त्याच्याकडून पत्ता घेतला आणि दोन दिवसांनी आम्ही दोघं निघालो. धाडहून चिखली, चिखलीहून दुसरी बस, मग शेवटी जीप. वाटेत सर काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, नामस्मरण. नीट ऐकलं तर ते बोलायचं वाक्य जुळवत होते. एकदा मराठीत, एकदा वऱ्हाडीत, मग परत सुरुवातीपासून.

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला कलीमचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. ट्रक त्यानं केव्हाच सोडला. दुकानाच्या मागे घर. दारातच शिलाई मशीन होतं, आणि त्यावर जहांआरा साडीला फॉल लावत होती. आम्हाला पाहून ती उठली, डोक्यावर पदर ओढला, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं.

"सर! मॅडम! या ना, आत या. मदिहा, पानी आन. हे माहे सर आहेत."

मदिहा पाणी घेऊन आली. अठरा वर्षांची, उंच, शांत मुलगी. नुकतीच बारावी सायन्स झालेली. तिनं सरांकडे पाहिलं, तांब्या ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बसली नाही.

चहा झाला. गावातल्या माणसांची चौकशी झाली. मग मीच विचारलं, "जहांआरा, मोठ्या दवाखान्याचं मग काय झालं होतं गं?"

"काय होईन मॅडम." ती हसली. "बुलढान्याले एका जागी गेली. त्यायनं कागद वाचला, म्हने कळवतो. कळवलं नाही. मंग औरंगाबादले गेली, तिथं आठ दिवस कामावर ठेवलं. नवव्या दिवशी ऑफिसात बलावलं आनि म्हने, जागा भरली. मंग तिथलंच एक बाळंतपनाचं हॉस्पिटल होतं. तिथली मोठी सिस्टर केरळची, म्हातारी. तिनं कागद दोनदा वाचला. मह्याकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं. पन घेतलं. तीन महिने केलं मी तिथं."

"मग?"

"एका बाळंतिनीची अंगठी गेली. सगळ्यायच्या पिशव्या तपासल्या. माही दोनदा तपासली. सिस्टरच्या टेबलावर माहा कागद होता, तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आनि दुसऱ्या सिस्टरले काही म्हनलं. इंग्रजीत. संध्याकाळी अंगठी त्या बाईच्या सासूच्या गाठोड्यात सापडली. तरी मले म्हने, उद्यापासून येऊ नको." ती थांबली. "मंग मी समजली. आमचं नाव पाहून करते. दुसरं काय असन? कागद तं चांगला होता. मदिहाले मी सांगूनच ठेवलं आहे, त्या मोठ्या जागी आपल्याले कोनी ठेवत नाही, इथंच काही पाह्य."

सरांनी हात जोडले. जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही.

"नाव पाहून नाही पोरी," ते म्हणाले. "कागद पाहून. माहा कागद पाहून."

आणि त्यांनी सांगितलं. थांबत, अडखळत, पण सगळं. खोडलेल्या शब्दासकट. जहांआरा ऐकत होती. फॉलची सुई अजून तिच्या दोन बोटांत होती.

"चोर?" तिनं विचारलं.

"हो."

"मराठीत तं तुम्ही चांगलं सांगतलं होतं."

"मराठीत चांगलंच होतं."

बाहेर दुकानात कलीम टायर हातोडीनं ठोकत होता, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कागदावर दाखवा मले, कुठं लिहिलं आहे ते. पन तो सापडत नाही. दोन वर्षं झाली, सारं घर पाह्यलं."

मदिहा चौकटीपासून हलली. आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं ते पत्र होतं. तिनं ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"तुह्याजवळ होता?"

"हो."

"काऊन?"

मदिहानं सरांकडे बोट केलं नाही, पण नजर तिकडे होती. "अकरावीत होती तेव्हा वाचला मी. शब्द नाही समजला म्हनून मोबाइलवर पाह्यला."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुले माहीत असन."

"माहीत असन म्हंजे?"

"सरानं लिहिलं होतं ना अम्मी. आपल्या शाळेतल्या सरानं. मले वाटलं, काही झालं असन. तू लहान असताना. मले वाटलं, खरं असन."

जहांआरा सरांकडे पाहतही नव्हती. ती आपल्या मुलीकडे पाहत होती, आणि काहीतरी आठवत आठवत मागे मागे जात होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हनून," ती अगदी हळू म्हणाली, "म्हनून तू लग्नाबिग्नात माही पर्स तुह्या हातात घेत होती?"

मदिहानं मान खाली घातली.

"आनि मी सगळ्यांले सांगत होती, पोरगी किती काळजी घेते."

सर उठले आणि तिच्या पायाशी वाकायला लागले. जहांआरा एकदम मागे सरली. "नाही सर. तसं नका करू." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बारा वर्षं मी त्या सगळ्यायले दोष देत होती. एखाद्या जागी तसंही असन, नाव पाहूनही केलं असन. पन आता मले कसं कळन, कुठं नाव होतं आनि कुठं कागद होता?"

तिनं बोटांतली सुई कापडात खोचून ठेवली.

"तुम्ही चांगल्या मनानं लिहिलं," ती म्हणाली. "मले माहीत आहे. पन सर, आता तुम्ही जा. मले हिच्याशी बोलायचं आहे."

आम्ही निघालो. मदिहा रस्त्यापर्यंत आली, जीपला हात केला. सर चढताना अडखळले तेव्हा तिनं त्यांचं कोपर धरलं.

परत आल्यावर सरांनी तिन्ही ठिकाणी पत्रं लिहिली. पहिल्यांदाच मराठीत. खाली शब्दाचा अर्थ, आपली चूक आणि सही. बुलढाण्याहून काही आलं नाही. दुसरीकडून एका कारकुनाचं उत्तर आलं की अशा नावाच्या कर्मचाऱ्याची नोंद आढळत नाही. बाळंतपणाचं हॉस्पिटल बंद पडलं होतं. ते पाकीट परत आलं. त्या केरळच्या सिस्टरचा ठावठिकाणा सरांनी वर्षभर शोधला. ती वारल्याचं कळलं. ती काय समजून मेली असेल, हा विचार सरांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. "तिच्या हिशोबानं एक चोर पोरगी होती जगात," ते म्हणायचे. "ती आता तशीच राह्यली."

इंग्रजी अर्ज लिहिणं त्यांनी बंद केलं. लोक सायबर कॅफेत जाऊ लागले. बोलतानाही सर मध्येच थांबायचे. एखादा साधा मराठी शब्द वापरला तरी मला विचारायचे, "याचा दुसरा काही अर्थ होत नाही ना मॅडम?" मी नाही म्हटलं तरी ते वाक्य पुरं करत नसत.

पुढच्या वर्षी मदिहाला बुलढाण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जहांआरानंच तिला फॉर्म भरायला लावला असं आसिफनं सांगितलं. माय-लेकींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्या वर्षी दुसरबीडच्या एका लग्नात दोघी दिसल्या तेव्हा पर्स आईच्या खांद्यावर होती, असं आसिफची बायको म्हणाली. तिला त्यात विशेष काय ते ठाऊक नव्हतं. तिनं सहज सांगितलं.

आणि एका रविवारी मदिहा सरांच्या दारात उभी राहिली. पाठीवर दप्तर.

"सर, पहिल्या वर्षाची सारी पुस्तकं इंग्रजीत आहेत. मले समजून नाही राह्यलं. शिकवाल?"

"मी सोडलं पोरी. मले येत नाही."

"सोबत पाहू ना. जे नाही आलं ते पाहू."

झुंबरबाईंनी सतरंजी टाकली.

तेव्हापासून ती रविवारी येते. धाडला मामाकडे उतरते आणि दुपारी दोन तास सरांकडे बसते. दोन तासांत एखादं पान होतं. सर कोणताही शब्द पाहिल्याशिवाय सांगत नाहीत, 'वॉटर' सुद्धा नाही. मदिहा कंटाळत नाही. कधी ती म्हणते, "सर, हा तं मले येते." सर म्हणतात, "येते असं वाटते." आणि पानं उलटत राहतात.

मागच्या महिन्यात मी तिथं बसले होते तेव्हा जहांआरा मुलीला न्यायला आली. भावाकडे आली होती, इकडे वाकडी वाट करून आली. फाटकाबाहेर उभी राहिली. सरांनी तिला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले, वर्गात साहेब आल्यावर पोरं उभी राहतात तसे.

"कशी आहे पोरगी सर? जमते काय तिले?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"जमते," सर म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "चांगली आहे. चांगली आहे, म्हंजे हुशार आहे. मेहनती आहे."

"बरं," जहांआरा म्हणाली.

झुंबरबाई म्हणाल्या, "आत ये ना गं, चहा ठेवते." जहांआरानं फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मला वाटलं, उघडेल. मग तिनं हात काढून घेतला, "पुढच्या वेळी," म्हणाली, आणि मदिहा चपला घालेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.